राठोड नेमका कशासाठी पाहिजे होता

"सर, तुमी फकत येवढं सांगा, सौदा फायद्याचा हाय का घाट्याचा. बाकी मी पाहून घेतो," गोविंदबाबू म्हणाले आणि फोन उचलून दुसऱ्याच कोणाशी तरी सरकीबद्दल बोलायला लागले.

मी यवतमाळात त्यांच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, ऑफिसात बसलो होतो. त्यांच्या बास्केटबॉल संघाचा मी कोच. पगारी. कापूस जोरात होता तेव्हा जिल्ह्यातल्या चार व्यापाऱ्यांनी हौसेनं लीग काढली होती. खेळाडूंना हंगामभर पगार, बूट, प्रवासखर्च. मग कापसाची वाईट वर्षं आली. बोंडअळी, पडलेला भाव, निम्मा हंगाम बंद पडलेली जिनिंग. लीग मात्र चालूच राहिली. ती आधी कोणी बंद करायची, यावर मालकांचं एकमत होत नव्हतं.

सौदा तीन संघांचा होता. आमचा सेंटर प्रकाश राठोड उमरखेडला जायचा. उमरखेडचा शूटर इम्रान कळंबला. आणि कळंबचा पॉइंट गार्ड सचिन आमच्याकडे. सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच गडी. हुकलेला बॉल तोच पकडतो, त्याला रिबाउंड म्हणतात. शूटर लांबून बास्केट करतो. पॉइंट गार्ड बॉल पुढे आणतो आणि कोणाला कधी द्यायचा ते ठरवतो. तीन संघांच्या सौद्यात एक अडचण असते. एकानं हात काढला की तिघांचंही बारगळतं.

"राठोडला विचारलं का?" फोन ठेवल्यावर मी म्हटलं.

"त्याले काय विचाराचं? तो पगारी हाय."

"पगारी तर मीही आहे."

"म्हणून तर तुमाले विचारून राह्यलो ना सर."

 विचार करून सांगतो म्हटलं आणि उठलो.

खरं सांगायचं तर कागदावर सौदा वाईट नव्हता. याचाच मला जास्त राग येत होता. आमच्याकडे राठोड होता, पण त्याच्यापर्यंत बॉल पोचवणारा कोणी नव्हता. बिचारा रिंगखाली हात वर करून उभा राहायचा आणि आमची पोरं दुसरीकडेच खेळायची. चांगला गार्ड आला असता तर संघाला शिस्त लागली असती. पण मग रिंगखाली कोण? आमच्यातला दुसरा उंच खेळाडू राठोडच्या खांद्याला लागत होता, आणि त्याला धक्का लागला की तो रेफरीकडे पाहायचा.

म्हटलं, आधी गार्ड पाहून येऊ. कळंबला गेलो. सचिन वाघमारे खरोखर चांगला होता. मान वर ठेवून बॉल आणायचा. उगाच घाई नाही. सराव संपल्यावर त्याला बाजूला घेतलं.

"आमच्याकडे यायला तयार आहेस?"

"येतो ना सर. पण पोलीस भरती निघाली हाय. ग्राउंड निघालं, लेखी झाली. आता ट्रेनिंगचं बोलावणं आलं का चाललो."

"तुमच्या मालकांना माहीत आहे?"

"त्यायलेच तर आंधी सांगतलं. पेढे बी त्यायनंच वाटले."

म्हणजे कळंबवाले जाणारा माणूस देऊन राहणारा माणूस घेत होते. त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि बास्केटबॉलचं त्यांना खरंच वेड होतं. या सगळ्यात खेळाचा विचार करणारे तेवढे एकच मालक, आणि त्यांनीही आम्हालाच गंडवायचं ठरवलं होतं.

परत आलो आणि गोविंदबाबूंना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे? मग मला कळंबला कशाला पाठवलं?"

"पाठोलं कुठं? तुमीच गेले."

"अहो, पण गार्ड जाणार, सेंटरही जाणार. मग खेळायचं कोणी?"

तेव्हा कुठं त्यांनी खरं सांगितलं. उमरखेडच्या मालकाचंही जिनिंग होतं. राठोड दिला की ते आमच्या तेलमिलला सरकी देणार होते. सरकी म्हणजे कापसातून रुई काढल्यावर उरणारं बी. त्याचं तेल निघतं. आमचं जिनिंग अर्धं बंद, त्यामुळे घरची सरकी नाही, त्यामुळे मिलही बंद. मालकाची अडचण मला कळत होती. पण मग बास्केटबॉलचा सल्ला मागायचा कशाला? शब्द तर त्यांनी आधीच देऊन टाकला होता.

संध्याकाळी ग्राउंडवर गेलो तर राठोड माझ्याआधी हजर. एरवी शेवटी येणारा. त्याचा तांडा उमरखेडच्या अलीकडे, डोंगराला लागून. आईवडील, भाऊ सगळे तिकडचेच. त्याच्या कानावर बातमी गेली होती.

"सर, उमरखेडच्या मालकाचा माणूस आलता. म्हने जिल्ह्यात तुह्यासारखा सेंटर नाही. मालकानं तुह्यावरच बोट ठेवलं."

"मग, जायचं आहे तुला?"

तो जरा संकोचला. "तुमाले सोडून जाऊ नाही वाटत. पण घर जवळ पडते. अन् असं मांगून कोनी नेलं नोयतं मले आजवर."

त्याला सरकीचं सांगावं असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता की मी शिटी वाजवली आणि सराव सुरू केला.

दोनेक दिवसांनी आमच्या ऑफिसात बैठक बसली. उमरखेडचे मालक, कळंबचे मालक, गोविंदबाबू आणि मी. उमरखेडवाल्यांनी राठोडला बोलावून घेतलं. मला बरं वाटलं. निदान एकाला तरी खेळाडूशी बोलावंसं वाटलं.

"बस," ते म्हणाले. राठोड खुर्चीच्या टोकावर बसला. "तुह्या तांड्याचा कापूस मांगच्या साली पुसदच्या व्यापाऱ्यानं नेला. सारा तांडा त्याच्याकडं गेलता. आता तू आमचा मानूस. औंदा साऱ्या गाड्या आपल्याकडं याले पायजे. तुह्या बापाचं ऐकतेत ना लोकं?"

राठोडनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"कापूस कुठला जी? येक वेचा झाला अन् बोंडं किडली. लोकं दिवाळीनंतर ऊस तोडाले गेले. माहे मायबाप बी गेले. तांड्यात म्हातारे हायेत, दोनचार घरं."

 उमरखेडच्या मालकांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायला. त्यांच्याच तालुक्यातला तांडा. सौदा करण्याआधी तिथं कापूस आहे का, एवढं त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्यासारख्या पगारी माणसानं हे केलं असतं तर नोकरी गेली असती.

"मंग थोडा विचार करा लागन," ते म्हणाले.

"विचार? अन् सरकीचं काय?" गोविंदबाबूंनी विचारलं.

"मंग इम्रानचं कसं?" कळंबवाले म्हणाले.

त्यानंतर तिघं बराच वेळ बोलले. त्यात बास्केटबॉल हा शब्द आला नाही. सौदा तिथंच मोडला. राठोड अजून तसाच खुर्चीच्या टोकावर बसून होता. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं. शेवटी मीच त्याला बाहेर घेऊन आलो.

जिनिंगच्या आवारात तो थांबला.

"सर, मले वाटलं माह्या खेळासाठी मांगून राह्यले."

मी कोच. अशा वेळी बोलणं हेच माझं काम. मला एकच गोष्ट सुचली, ती सांगितली. "मला तू खेळासाठीच पाहिजेस. उद्या सरावाला वेळेवर ये."

तो आला. वेळेवर नाही, पण आला. सचिन भरतीत गेला. आम्ही त्या हंगामात चारांत तिसरे आलो. पुढे जिनिंग पुरतं बंद झालं आणि लीगही संपली. राठोडनं बीपीएड केलं. आता तो घाटंजीकडे एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो. पोरं वेळेवर येत नाहीत म्हणून माझ्याकडेच तक्रार करतो.

मी नंतरही बरीच वर्षं वेगवेगळ्या संघांचं काम पाहिलं. अदलाबदलीचे प्रस्ताव घेऊन लोक येत राहिले. मी उंची, वय, गुडघे हे सगळं नंतर बघतो. आधी विचारतो, हा खेळाडू तुम्हाला कशासाठी पाहिजे? उत्तर खेळाचं असलं तर पुढे बोलतो. बहुतेक वेळा चहा पिऊन उठावं लागतं.