खडकाला कान लावणारी माणसं

बोअरमधून निघालेले खडकाचे तुकडे आम्ही लाकडी पेटीत क्रमाने मांडतो, वर खोली लिहितो आणि पेटी बंद करतो. किस्स्यांचं तसं करता येत नाही. ते जीपमध्ये, जेवणाच्या डब्याभोवती, ड्रिलिंगची रिग बंद पडल्यावर झाडाखाली साठत जातात आणि मग कुठलाही कुठूनही वर येतो. कोल्हापुरातलं आमचं ऑफिस छोटं. पूल, टाकी, इमारत होण्याआधी खालचा खडक कसा आहे ते सांगायचं, एवढंच काम. मी भूगर्भाची बाई, दस्तगीरचाचा ड्रिलर आणि सर्जेराव जीपचा ड्रायव्हर. झाली आमची फौज.

*

नवीन यंत्र आलं तेव्हा चाचांना मीच समजावलं. थोडं ड्रिलिंग झालं की थांबायचं आणि ही नळी भोकात सोडायची. तिच्या एका टोकातून टक असा आवाज निघतो, खडकातून जातो आणि दुसऱ्या टोकाला पोचतो. खडक अखंड असेल तर पटकन पोचतो, भेगा असतील तर रेंगाळतो. त्यावरून खडकाची ताकद कळते. हेडफोन लावला की आपल्यालाही ऐकू येतं. हे सगळं इंग्रजी शब्द टाळत, घाम पुसत, मी अर्धा तास सांगितलं.

चाचांची उभी हयात रिगवर गेलेली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मडकं घेताना टिचकी मारून बघत्यात, तसंच की."

आता नवीन माणसाला मी टिचकीच सांगते.

*

बिद्रीच्या रस्त्याला एका छोट्या पुलाचं काम होतं. उसाचा हंगाम, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. त्यांच्या धडधडीने आमचं रीडिंग नुसतं नाचत होतं. मी हताश होऊन बसले, तसा सर्जेराव उठला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं इंजिनं बंद करा म्हणाला, मॅडम जमिनीची छाती तपासायला लागल्यात.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण एकेक करत सगळी इंजिनं थांबली. ड्रायव्हर खाली उतरले आणि दवाखान्यात उभं राहावं तसे बोअरभोवती उभे राहिले. रीडिंग स्वच्छ आलं. मी हेडफोन काढला, तसं त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "वाचंल न्हवं, बाई?"

*

कबनूरला तर यंत्रमागाच्या शेडला लागूनच बोअर होतं. तो खडखडाट थांबल्याशिवाय काही मोजणं शक्य नव्हतं. चालू माग थांबवा असं कुणाला सांगायचं म्हणजे माझीच जीभ रेटेना. चाचा गेले. शेडच्या मालकीण विमलताई, पन्नाशीच्या. त्यांनी काही न विचारता सगळे माग बंद करायला लावले आणि स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या.

दहा मिनिटांत आमचं उरकलं. मी आभार मानायला गेले, तर त्या समोरच्या कडुलिंबाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या झाडावर पाखरं हायत व्हय? लगीन होऊन आल्यापास्नं आज ऐकली."

मग म्हणाल्या, अजून काही मोजायचं असलं तर मोजा की.

*

हा किस्सा माझ्या चुकीचा. नृसिंहवाडीजवळ नदीकाठी पुलाचं काम होतं. तिथे गाळामुळे भोकाच्या कडा ढासळतात, म्हणून वरच्या भागात लोखंडी पाइप घालतात. रीडिंग असं झकास आलं की मी खूश. एवढ्या वर पक्का खडक! अहवाल लिहूनही टाकला.

चहाच्या वेळी चाचांनी मला बाजूला घेतलं. तिथे ड्रिल अगदी सहज आत गेलं होतं, खडक असा जात नाही, हे त्यांना खटकत होतं. म्हणाले, "बाई, यंत्र खरंच बोलतंय. पण खडकाचं न्हाय, पायपाचं बोलतंय."

पाइप मला वाटला त्याहून खोल उतरला होता आणि आवाज लोखंडातून पळत होता. अहवाल फाडला, पाइपच्या खाली पुन्हा मोजलं. नुसता गाळ! त्या अहवालावर पुलाचा खांब उभा राहिला असता. चाचांनी ही गोष्ट आजवर कुणालाही सांगितलेली नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते.

*

राधानगरीच्या पलीकडे डोंगरउतारावर अकरा घरांची एक वाडी होती. उतारावर चिरा पडल्या म्हणून पंचायतीने आम्हाला बोलावलं. आम्ही देवळाजवळ आणि घरांमागच्या परड्यांत बोअर घेतली. घरांखाली आवाज फारच रेंगाळत होता. पावसाआधी सगळ्यांनी खाली उतरा, असं मी सांगितलं. लोक हौसाक्काकडे बघायला लागले. सत्तरीची बाई. नवऱ्याच्या बरोबरीने एकेक दगड वाहून तिने घर बांधलेलं, आणि नवरा आता नव्हता. ती हलणार नाही म्हणाली. ती हलली नसती तर कुणीच हललं नसतं.

मी आलेख दाखवला. तिने बघितलाही नाही.

चाचांनी माझ्याकडून हेडफोन घेतला. आधी तिला देवळाजवळच्या बोअरपाशी बसवलं. टक, टक, स्वच्छ. मग तिच्या परड्यातल्या बोअरपाशी आणलं. तिथे आवाज उशिरा आला, लांबच्या खोलीत कुणी खोकावं तसा. तिने तो तीनदा ऐकला.

"हे कवापास्नं असं हाय?"

"लई जुनं असंल, आक्का."

तिने शेजारच्या घराकडे बघितलं. मधल्या भिंतीवरून त्या घरातल्या पारूबाईशी तिचा कित्येक वर्षं अबोला होता. "आनि आमी वर भिंतीसाठनं भांडतोय," एवढंच म्हणाली आणि भांडी बांधायला आत गेली.

पावसाआधी अकराही घरं खालच्या गावात गेली. पावसात डोंगर सुटला. हौसाक्काचं घर गेलं. माणूस एकही गेलं नाही.

पाऊस सरल्यावर, वाडीची घरं पुन्हा बांधायची होती त्या नव्या जागेवर आम्ही बोअर घेतलं. तिला तोंड कसं दाखवायचं, हा मला घोर. ती आमच्या आधीच येऊन धोंड्यावर बसली होती. तिने हात पुढे केला. मी हेडफोन दिला. डोळे मिटून तिने बराच वेळ ऐकलं. टक, टक, स्वच्छ. मग हेडफोन काढला आणि हाक मारली, "पारू, ये गं. ऐक."

पारूबाई आली. तिच्या मागे तिची सून, मग सगळी वाडीच. दुपार झाली तरी रांग संपेना. रीडिंग एकही झालं नव्हतं. मी वही मिटली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे चाचा होते.