माझ्या हातानं लावलेली टेप

माझे हात रिकामे बसत नाहीत. हा गुण की खोड, ते अजून ठरायचंय. निजामपुऱ्यातल्या जुन्या शाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये मी लागले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या जनरल रजिस्टरांची पानं सुटी होऊन फाटत चालली होती. पहिल्याच मे महिन्याच्या सुट्टीत मी सेलोटेपची रिळं आणली आणि दिसेल ते फाटकं पान चिकटवून टाकलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्या कौतुकावर मी कित्येक वर्षं जगले, खोटं कशाला बोलू!

मग एका सोमवारी जवळच्याच पूर्णा गावची एक मुलगी आली. घराण्यात पहिल्यांदाच कोणी नर्सिंगला निघालं होतं. जातपडताळणीसाठी तिला पणजोबांची शाळेतली नोंद हवी होती. शुक्रवारपर्यंत पुरावा दिला नाही तर प्रवेश जाणार होता.

"बस, दोन मिनिटांत काढते," म्हणत मी पान उघडलं. टेप चहासारखी तपकिरी झाली होती. तिचा गोंद कागदात मुरला होता आणि नेमकी ती जातीच्या रकान्यावरून गेली होती. खाली शाई होती की डाग, काही कळेना. कोणावर ओरडायची सोय नव्हती, टेप माझीच होती. नखानं टोक उचलून पाहिलं, तर टेपेबरोबर कागदाची साल निघू लागली. झटकन हात मागे घेतला. मुलीला म्हटलं, परवा ये.

कल्याणला एका संस्थेची दप्तरखोली आहे. तिथले दप्तरदार आसपासच्या आम्हा रेकॉर्डवाल्यांना दरवर्षी बोलवायचे. या, आमचं काम बघा, तुमचं सांगा. मी कधीच गेले नव्हते. माझं काम चोख असताना तिथे जाऊन चहा ढोसण्यात कशाला दिवस घालवू? मंगळवारी मात्र झक मारत रिक्षानं निघाले. राजनोली नाक्याला कंटेनरांची ही रांग! मी मागून दर मिनिटाला टोकत होते. शेवटी रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मॅडम, उड़ के जाऊं क्या?"

दप्तरदार सत्तरीचे, सगळंच सावकाश. मी फोनमधला फोटो पुढे केला, तर म्हणाले, आधी हे कपाट बघा. कपाटात त्यांच्याच खोलीत बिघडलेली पानं होती. टेपेनं करपलेली, लॅमिनेशनमध्ये पिवळी पडलेली, चिकटवायच्या खळीमुळे कसरीच्या किड्यांनी खाल्लेली. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली: कोणी, केव्हा, काय केलं. बहुतेक चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव होतं.

"अहो, मला उपाय हवाय, प्रदर्शन नको," मी फटकन बोलले.

ते रागावले नाहीत. "टेप ओढू नका. पान उन्हाच्या खिडकीसमोर धरा, मागून उजेड येऊ द्या. दिसेल तेवढंच लिहा. बाकी काही करू नका."

"बस? एवढंच?"

"एवढंच तर जमत नाही आपल्याला," ते म्हणाले आणि चहा मागवला. तो मी उभ्या उभ्याच प्यायले. येताना वाटभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले.

बुधवारी मुलीसमोरच पान खिडकीशी धरलं. आणि खरंच की, पणजोबांचं नाव दिसलं! त्यांच्या वडिलांचं नाव दिसलं, गाव दिसलं. जातीच्या रकान्यात मात्र नुसता डाग.

"पयलं अक्षर दिसतंय ना, मॅडम?" तिनं विचारलं.

मलाही ते दिसावं असं फार, फार वाटत होतं.

"लिवा ना. आख्ख्या गावाला म्हाईत हाय आमी कोन ते. टेप लावली तवा कुनी तरी वाचलं असंल ना?"

मी वाचलं असेलही, पण आठवत नव्हतं. आणि उद्या पडताळणीवाल्यांनी मूळ रजिस्टर मागवलं, तर खोटी ही पोरगी ठरली असती. मी शाळेच्या लेटरहेडवर दिसलं तेवढंच लिहिलं. खाली लिहिलं, जातीचा रकाना वाचता येत नाही, कारण त्यावर सेलोटेप मी स्वतः लावली. सही ठोकली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मुलीनं कागद दोनदा वाचला. "तुमचं झालं," ती म्हणाली. "मंग माजं काय?"

थोबाडीत बसली मला. मेली मी स्वतःच्याच पापाची पावती फाडून मोकळी झाले होते!

"पणजोबांना भाऊ होते का गं?"

"व्हते वाटतं."

"वाटतं काय? घरी फोन लाव. नावं विचार."

दोन भाऊ होते. भावाची नोंदही चालते, आणि त्यांच्या वडिलांचं नाव आता आमच्याकडे होतं. एकेक रजिस्टर घेऊन दोघी बसलो. बाहेर पॉवरलूमची खडखड, आत धूळ. दर पानाला मी उठत होते, बसत होते, तिच्या रजिस्टरात डोकावत होते. "मॅडम, तुमचं बगा ना!" तिनं मला दटावलंसुद्धा. बुधवार असाच गेला.

गुरुवारी दुपारी धाकटा भाऊ सापडला. तेच वडील, तेच गाव. पण पान मधोमध उभं फाटलेलं. बघवेना मला, डोळेच मिटून घेतले.

"आगरी!" ती किंचाळली. "मॅडम, सपष्ट हाय! आगरी!"

शाई काल लिहिल्यासारखी ताजी होती. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, मग मीही. जरा वेळानं डोळे पुसून मी ते पान नीट पाहिलं. त्यावर टेप नव्हती. पुढच्या एकाही पानावर नव्हती. त्या सुट्टीत शेवटचं रीळ तिथेच संपलं होतं आणि नवं आणायला बाजारात जायचा मी कंटाळा केला होता.