दुखण्याला शून्य मार्क

डॉक्टर लोकांना किस्से शोधावे लागत नाहीत, ओपीडी संपेपर्यंत दोन-चार जमतातच. चहाला बसलो की बाकीचे पेशंटच्या फजितीचे सांगतात. माझे सगळे माझ्याच फजितीचे. लाज वाटते, तरी सांगते.

मी आयुर्वेदाची डॉक्टर. नांदेडला माजी सैनिकांच्या दवाखान्यात मला एक खोली मिळाली. तेल, शेक, योगासनं, वर्षभर करून बघा म्हणाले.

पहिल्या दिवशी मी टोकन वाटले. एक नंबर एका साध्या जवानाला गेला. तो जागचा हलेचना! हुद्द्यानं मोठे सुभेदार बिरादार आत जाऊन आले, मगच तो उठला. मी हसले. सुभेदारांचा शब्द इथं किती चालतो, ते तेव्हाच कळायला हवं होतं.

*

उमरीचे हवालदार गुट्टे. गुडघे पार गेलेले. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल सोडतात, ते सुरू केलं. एकदा फोनवर बोलण्याच्या नादात तेल तापलं, आणि किती गरम ते हात लावून न बघताच मी ओतलं. काका ढिम्म. कडं काढलं तर कातडी लालभडक!

मी ओरडलेच, सांगायचं नाही का म्हणून.

"मला वाटलं, असंच असतंय," काका म्हणाले. मलम लावताना उलट तेच मला धीर देत होते.

*

दर महिन्याला फॉर्म भरायचा, दुखणं किती, शून्य ते दहा. त्या आकड्यांवर माझी खोली ठेवायची की नाही ते ठरणार होतं. पहिल्या महिन्यात सात, आठ, नऊ. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचं शून्य. सगळ्यांचं!

मी काय फुगले म्हणता! स्टेटस ठेवलं. शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी गुट्टे काकांचं शून्य बघून गुडघा बदलायच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. तुमच्या तेलानंच जमलं की, म्हणाले. आणि मी थँक्यू म्हणाले. हो, थँक्यू.

*

पंधरा दिवसांनी गुट्टे काकू एकट्याच आल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. काका घरात भिंत धरून चालतात म्हणाल्या, आणि माझ्याकडे यायच्या दिवशी दुखण्याच्या दोन गोळ्या खाऊन निघतात.

"मॅडमसमोर लंगडायचं न्हाई म्हणतेत."

मला त्यांच्याकडे बघवेना.

*

त्याच दुपारी उमरी गाठली. मला बघून काका बाजेवरून उठायला लागले, मी हात जोडून बसवलं. चूक माझी, मी म्हणाले. शून्य बघून हुरळले, गुडघा वाकवूनसुद्धा बघितला नाही. नाव परत यादीत घालायला लावते, फक्त आकडा खरा सांगा.

तेव्हा काकांकडून कळलं, पहिले आकडे बघून सुभेदारांनी सगळ्यांना बजावलं होतं. पोरगी नवी हाय, मन लावून करायलीय, असे आकडे गेले तर तिची खोली बंद करतील. कुणी दुखतंय म्हणायचं न्हाई.

मी मान खाली घालून फॉर्म काढला.

"नऊ लिव्हा," काका म्हणाले. "पण माझं एकट्याचं. बाकीच्यांचं शून्यच ऱ्हाऊ द्या."