रक्षाचे आकडे जुळू लागले

सत्त्याण्णव साली रक्षाला वर्ध्यातल्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं. जाम या गावाहून आईला घेऊन ती सिंदी मेघेला दोन खोल्यांत राहायला आली. काम बसून करायचं होतं. गावोगावच्या बायांनी दिलेली उत्तरं वाचायची आणि प्रत्येक उत्तराला ठरलेला आकडा द्यायचा. मुलीची शाळा का सुटली? गरिबी असेल तर एक, अंतर दोन, घरकाम तीन, आवड नाही चार. कशातच बसलं नाही तर नऊ, म्हणजे इतर.

उत्तरांचे तेच फॉर्म तिचा सहकारी धर्मेंद्र वेगळा बसून वाचायचा. मग दोघांचे आकडे ताडून बघत. रक्षाचे जुळत नसत. समुद्रपूरकडच्या एका बाईने सांगितलं होतं, "पोरगी शाळेतून आली का बोलतच नाई. म्या इचारलं नाई, घरीच ठेवली." धर्मेंद्रने चार दिला होता. रक्षाने नऊ दिला आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, भीती.

"भीतीसाठी नवा आकडा घेऊ ना, सर," ती म्हणाली.

प्रमुख प्रभाकरराव माणूस वाईट नव्हता. "असे फॉर्म निघतील तीन-चार. आणि बाई जे बोललीच नाही, ते तू कसं लिहितेस?"

त्यांचंही चुकत नव्हतं. तिने तो शब्द खोडून टाकला.

मग नोकरी टिकवायची म्हणून ती आधी धर्मेंद्र काय देईल याचा अंदाज घेऊ लागली. आकडे जुळू लागले, सरांनी कौतुक केलं. काही वर्षांत पूर्ण उत्तर वाचायचीही गरज उरली नाही. दोन शब्द दिसले की हात आकडा लिहून मोकळा व्हायचा.

घरी आई, रामबाई, काहीबाही सांगत बसायची. रक्षा भाजी निवडत हुंकार द्यायची. तब्येत, शेजार, जुनं गाव, अशी मनात आपोआप वाटणी व्हायची.

"तू आयकून नाई राह्यली व," आई एकदा म्हणाली.

"आयकून राह्यली ना, माय."

"मंग सांग, मी काय म्हटलं?"

रक्षाने भाजीची दुसरी जुडी पुढे ओढली. त्यानंतर आई बोलायला शेजारणीकडे जाऊ लागली.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात रामबाई वारली. शेवटच्या दुपारी ती बराच वेळ बोलत होती. उशाशी रक्षा एकटीच होती.

तेरवीला मामा, महादेवराव, जवळ येऊन बसले. "जाताना काय म्हणे माही बहीण?"

"तब्येतीचं सांगत होती."

"मंजे काय म्हणे?"

रक्षाने आठवून पाहिलं. आईचा आवाज आठवला, हलणारे ओठ आठवले. शब्द एकही आठवेना. मामा उठून पंगतीकडे गेले.