शेजारच्या कबरीची माती

आमच्या गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात काळ्या ग्रॅनाइटची एकच कबर आहे. बाकी सगळे मातीचे उंचवटे, डोक्याशी लाकडी क्रूस आणि मधेमधे उगवलेलं रान. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, ही कुणा पैसेवाल्याची हो? मला आधी हसू येतं आणि मग रडू येतं. ती आमच्या पाळकीणबाईंची, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोची कबर आहे. ज्या माणसानं इथं कुणाला विटेवर वीट ठेवू दिली नाही, त्याच्याच बायकोवर आम्ही तो दगड ठेवला.

रेव्हरंड शांतवन समुद्रे आमच्याकडं त्र्याण्णव साली आले. गारगोटीच्या पुढं वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, मोजकीच. रोजगारावर जाणारी माणसं, एखाददुसरा एसटीत, आणि मी प्राथमिक शाळेतली बाई, रविवारी उपासनेला पेटी वाजवणारी. पाळक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हळू बोलणारा, मान वाकवून हसणारा माणूस येतो. आमचे साहेब तसले नव्हते. उपासना नवाला म्हणजे नवाला. घंटा वाजली की दाराला आतून कडी, मग तुम्ही कोणी का असेना.

एकदा खुद्द पाळकीणबाईच भाकरी थापता थापता उशिरा आल्या. साहेबांनी कडी काढली नाही. बाई मुकाट्यानं पायरीवर बसल्या आणि बाहेरूनच गाणी म्हणायला लागल्या. आवाज असा खडा की आतल्या आम्हा सगळ्यांना त्यांनीच ताल दिला, माझी पेटीसुद्धा त्यांच्यामागं धावली. उपासना संपल्यावर साहेब दार उघडून म्हणाले, "करुणा, पुढच्या रविवारीबी तू बाहीरच बस. मंडळी बरी गाती." त्या दोघांचं सगळं असंच होतं. मूलबाळ नव्हतं. ते भांडायचे, आणि भांडताना इतके रंगायचे की शेजारीपाजारी कान देऊन बसायचे.

पण कुणाच्या घरात मरण आलं की हाच तापट माणूस सगळ्यांत आधी हजर. एम-एटी गाडीच्या मागं खोरं बांधलेलं असायचं. पांढरा झगा नंतर, आधी बाह्या वर करून खड्ड्यात उतरायचे. पाळकानं खड्डा खणायचा असतो का, असं कुणी म्हणालं तर म्हणायचे, "मग काय वर हुबं राहून नुसतं बायबल वाचू?"

आमच्याकडं पाऊस दणकून पडतो. चार महिन्यांत कबरी खचतात, काही तर जमिनीला मिळतात. म्हणून दिवाळीआधीच्या एका शनिवारी जो तो आपापल्या माणसावर माती चढवायला जातो. पाट्या, खोरी, फडक्यात बांधलेली भाकरी. माती घालता घालता मेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, हसणंही होतं. आमच्यात त्याला मातीचा शनिवार म्हणतात. साहेबांना हा दिवस ख्रिसमसइतकाच मोठा वाटायचा.

त्यावरूनच जोतीरामशी त्यांचं वाजलं. जोतीराम आवळे आमच्यातलाच, कोल्हापुरात गवंडीकाम करता करता ठेकेदार झालेला. शहाण्णव साली त्याचे वडील, आण्णा, वारले. महिन्याभरानं जोतीराम विटा-सिमेंटचा ट्रॅक्टर घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी आला. साहेब फाटक अडवून उभे.

"जोतीराम, दगड बसवलास की तू परत हिकडं फिरकणार न्हाईस. माती खचती म्हणून तर माणूस येतंय."

"बाप माझा हाय साहेब. तुमचा न्हवं."

"बाप तुझा हाय, कबरस्तान समद्यांचं हाय. आज तू बांधशील. उद्या ज्याला जमणार न्हाई, त्यानं काय बापाकडं बघून मान खाली घालायची?"

जोतीरामनं ट्रॅक्टर मागं फिरवला आणि वर्षभर देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी चढला नाही. मात्र मातीच्या शनिवारी आला. एकटाच आण्णांच्या कबरीवर पाट्या ओतत होता. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं साहेबही पाटी घेऊन आले आणि माती ओतायला लागले. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी जोतीराम नवाच्या आत बाकावर बसलेला होता.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात पाळकीणबाईंना कावीळ झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या. आण्णांच्या शेजारची जागा मोकळी होती. त्या दिवशी साहेबांना कुणी खड्ड्यात उतरू दिलं नाही, जोतीराम उतरला. साहेबांनी विधी स्वतःच केला. "मातीला माती" इथपर्यंत आले आणि आवाज बसला. मग आम्हीच पुढचं म्हटलं, तोंडपाठ होतं सगळ्यांना.

त्यानंतर साहेबांचा शनिवार ठरून गेला. उद्याचा उपदेश लिहून झाला की संध्याकाळी कबरीवर जायचे. तिथं त्यांनी अबोली लावली होती, बाईंना वेणीत आवडायची म्हणून. तण उपटायचे, हातानं माती सारखी करायचे आणि बोलत बसायचे. अंबूबाईचं घर कबरस्तानाला लागून. ती सांगायची, "अजून भांडत्यात बरं का बाई तिच्याशी. म्हणत्यात, तू असतीस तर गाणं एवढं पडलं नसतं." माझ्या पेटीवरचा राग होता तो. मी मनावर घेतलं नाही.

दोन हजार चारच्या ईस्टरनंतर बदली आली. शिरोळकडची मंडळी, नदीकाठची, उसातली. साहेबांना जायचं नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. पण अकरा वर्षं झाली होती, एवढी वर्षं एका जागी कुणाला ठेवतच नाहीत. अंबूबाईनं विचारलं, "ईस्टरला तरी बाईच्या कबरीवर येशीला न्हवं?"

"ईस्टरला पाळकाला आपली मंडळी सोडता येत न्हाई, अंबूबाई. आणि एरवीबी नको. गेलेला पाळक सारखा मागं यायला लागला, की नव्याचं कोण ऐकत न्हाई."

"मग तिच्याकडं कोण बघायचं?"

साहेब म्हणाले, "तुम्ही हायसा की."

निरोपाची तयारी सुरू झाली. शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ असं ठरत होतं, तोवर जोतीराम पंचांच्या बैठकीत उठला. म्हणाला, "घड्याळ काय द्यायचं? त्या माणसानं सोताच्या नियमापायी बायकूला उघड्यावर ठेवलंय. मन हुत नसंल व्हय त्यांचं? पण नियम त्यांचाच, त्यांना मोडता येत न्हाई. आपुन मोडूया. खर्च माझा." सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेसुद्धा. इतकं चांगलं कुणाला सुचलंच नव्हतं.

साहेब कागदपत्रांसाठी शुक्रवार-शनिवार कोल्हापूरला गेले, शनिवारी रात्री उशिरा परतले, तेवढ्यात काम झालं. जोतीरामनं स्वतः थापी धरली. काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत बाईंचं नाव आणि स्तोत्रातली ओळ, चारी कडांना सिमेंटचा पक्का सांधा. अबोली उपटून बांधावर टाकली होती, मेमधल्या उन्हात ती तासाभरात सुकली. वर पांढरी चादर टाकून ठेवली. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून कबरीवर शेवटची प्रार्थना करायची, एवढंच साहेबांना सांगितलं.

त्या रविवारी कडी लावलेली नव्हती. उपदेश छोटा झाला, आणि लांबलचक उपदेशाला कंटाळणाऱ्या आम्हाला तो पहिल्यांदाच लवकर संपल्यासारखा वाटला. मग सगळे कबरस्तानाकडं निघालो. साहेब माझ्याबरोबर चालत होते. त्यांच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता, पाळकीणबाईंचा, त्यांच्या बोटांनी झाकण घासून गुळगुळीत झालेला. शेवटच्या प्रार्थनेला डबा कशाला, ते मला कळेना.

"माती न्यायची हाय बाई," ते आपणहून म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. "मी आता तिकडंच मरणार. तिकडंच पुरतील मला. करुणाच्या अंगावरची माती जवळ असली, तर ती माझ्यावर टाकतील. तेवढंच. शेजार न्हाई तर न्हाई, पांघरूण तरी एक."

त्यांना थांबवावं, काहीतरी सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? फाटक समोरच होतं. पुढं जोतीराम नवा शर्ट घालून, चादरीचं टोक धरून उभा होता, लग्नघरातल्या बापासारखा.

त्यानं चादर ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब उभे राहिले. मला वाटलं आता फाटकाशी ओरडले होते तसे ओरडतील. मनातून मला तेच हवं होतं. पण ते ओरडले नाहीत. हळूच पुढं होऊन त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. मग वाकून कडेकडेनं बोट फिरवत गेले, डोक्यापासून पायापर्यंत आणि दुसऱ्या बाजूनं परत. सिमेंट पक्कं होतं. जोतीरामचं काम ते, कुठं नखभर फट नव्हती.

"काम सुबक झालंय, जोतीराम," ते म्हणाले. डबा त्यांनी पाठीमागं धरला.

प्रार्थना सुरू केली आणि मधेच त्यांना हुंदका आला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आनंदानंच रडतोय बिचारा, असं एक बाई माझ्या कानाशी म्हणाली. मला त्या बाईचा इतका राग आला की काय सांगू. आमेन झालं तरी साहेबांची मान वर होईना. मग ते जोतीरामकडं वळले.

"आता आण्णांचंबी बांधून घे. तुला अडवायला मला तोंड राहिलं न्हाई."

जोतीराम हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याची नजर साहेबांच्या पाठीमागच्या हाताकडं गेली होती.

"डबा कशाला हो साहेब?"

साहेबांनी डबा आणखी मागं सरकवला. शेवटी मीच सांगितलं, जेवढं वाटेत ऐकलं होतं तेवढं सगळं.

जोतीरामच्या तोंडाचा रंग उतरला. तो एकदा दगडाकडं बघे, एकदा आपल्या हातांकडं. "पहार आणा रं," तो म्हणाला, "आत्ता उचकटतो."

"नको," साहेब म्हणाले. "प्रेमानं ठेवलेलं हाय. फोडू नको."

मला वाटतं ते वाक्य त्यांना आयुष्यातल्या कुठल्याही उपदेशापेक्षा जड गेलं असेल. ते डबा खिशात घालायला लागले. तेवढ्यात जोतीराम खाली बसला, नव्या शर्टासकट, आण्णांच्या कबरीशी. उन्हानं माती कडक झाली होती. त्यानं दोन्ही हातांनी ती उकरली, ढेकळं बोटांनी फोडली, खडे वेचून बाजूला टाकले आणि साहेबांपुढं हात केला.

"डबा द्या."

साहेब बघत राहिले.

"द्या हो. आण्णाची हाय. मधी हातभर अंतर. किती पावसाळं दोघांची माती एकमेकांत वाहून गेलीया. ह्यात पाळकीणबाई हायती." त्याचा आवाज फुटला. "आण्णाचं मी न्हाई बांधत साहेब. कधीच न्हाई बांधत."

साहेबांनी डबा दिला. ट्रॅक्टर घेऊन आला त्या दिवशी जोतीरामनं आण्णांवर दगड घातलेला असता, तर तिथं ढेकूळभर मातीही हाताला लागली नसती, हे दोघांनाही कळलं असावं. कारण मग दोघं त्या दोन कबरींच्या मधे बसून रडले, आणि आम्ही उगाच इकडंतिकडं बघत उभे राहिलो. दुपारी टेम्पो निघाला तेव्हा पलंग, पुस्तकांची खोकी आणि एम-एटी मागं बांधलेली होती. डबा साहेबांच्या मांडीवर होता.

ते परत आले नाहीत. बोलल्याप्रमाणं कधीच आले नाहीत. मातीच्या शनिवारी आम्ही जातो. पाळकीणबाईंच्या दगडावरची धूळ मी पुसते आणि मेणबत्ती लावते. पण दगडावर किती वेळ बसणार? बघता बघता उठायची वेळ होते. साहेब फाटकाशी म्हणाले होते ते खरंच होतं.

दोन हजार आठच्या थंडीत शिरोळहून फोन आला. मी आणि जोतीराम पहाटेची एसटी धरून गेलो. ऊसतोडीचे दिवस होते, बैलगाड्यांनी रस्ता भरलेला. आम्ही पोचलो तेव्हा शवपेटी खड्ड्यात उतरवलेली होती आणि माणसं मूठमाती देत होती. बायबलाशेजारी डबा ठेवलेला होता. साहेबांनी तिथल्या पंचांना सांगून ठेवलं होतं, हा माझ्यावर रिकामा करा म्हणून, पण जास्त काही सांगितलं नव्हतं.

जोतीरामनं तो उचलला. झाकण घट्ट बसलं होतं, त्याला दोनदा जोर करावा लागला. त्यानं गुडघे टेकून सगळी माती हळूहळू पेटीवर सोडली, डबा उलटा करून तळावर बोटानं टिचकी मारली.

"कुठली हो ही माती, पावणं?" तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

जोतीराम म्हणाला, "आमच्या घरची."