मोटर वढत न्हाय

“आदी तिला बोलू द्या,” असं म्हणून तात्या डोळे मिटायचे आणि कान होडीच्या मागच्या फळीकडे न्यायचे.

ती म्हणजे आमची मोटर. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली, रंग उडालेली, फळीला टांगलेली. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात नवाकोरा ओव्हरसियर होतो आणि भीमेचं पाणी मोजायला मला बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या एका आडगावात धाडलं होतं. होडी खात्याची, मोटर खात्याची आणि ती चालवायला तात्या. लढाईत ब्रह्मदेशातल्या नद्यांवर त्यांनी असल्याच मोटरा हाकल्या होत्या. नदीकाठी माझी एक खोली आणि शेजारी त्यांची. दिवसभरात आम्हाला दुसरी माणसं दिसायची ती पाण्याला येणाऱ्या बायकाच.

माझा स्वभाव तापट. मोटर दमली की मी दोरी धरून हिसके मारायला लागायचो. तात्या शांतपणे दोरी काढून घ्यायचे.

“म्हातारी हाय ती. दुखतंय कुठं ते इचारा की.”

त्यांची तपासणी ठरलेल्या वाटेने जायची. आधी पेट्रोल बाटलीत घेऊन उन्हात धरायचं, तळाशी पाणी दिसतं का पाहायचं. मग प्लग. मोटर चालू ठेवून एका प्लगची वायर काढायची. आवाज पडला तर ती बाजू कामाची. वायर काढूनही आवाज तोच राहिला, तर दुखणं तिथंच.

“ही बाजू नुसती बसून खाती,” ते मला सांगायचे. “तुमच्या हापिसात बी असत्यात न्हवं असली?”

शेवटी मोटरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली तळहात धरायचा. पाणी कोमट असलं तर ठीक, चटका बसला तर मोटर तापली. हे सगळं होईपर्यंत माझी मोजणी अर्धा दिवस मागे पडायची. पण वाट सोडून मधेच उडी मारणं त्यांना जमायचं नाही.

एका श्रावणात या शिस्तीनेच त्यांना चांगलं फसवलं. मोटर घरघरत होती, तापत होती, होडी मात्र जागची हलायला तयार नव्हती. सकाळपासून पेट्रोल झालं, प्लग झाले, कार्बोरेटर उघडून झाला. अखेर मोटर वर उचलली तर पंख्याच्या दांड्याला हिरवा चोळीखण पिळा घालून बसलेला. नदीला पाणी चढलं की गावच्या सवाशिणी तिची ओटी भरायच्या, त्यातलाच तो. तात्या पोट धरून हसले. खण सोडवला, धुतला, नीट घडी केली आणि हात जोडून परत पाण्यात सोडला.

“तिचा हाय,” म्हणाले. “आपल्याकडं कोन हाय घालनारं?”

हे ते हसतच बोलले.

त्यांची बायको लवकर गेली होती. एक लेक होती, पलीकडच्या काठावर दिलेली. नागपंचमी जवळ आली की तात्या खोली सारवून घ्यायचे, बांगड्या आणून ठेवायचे आणि दारातल्या लिंबाला झोका बांधायचे. लेकीला पंचमीला माहेरी आणायचं, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. श्रावणातल्या पाण्यात वल्ह्याची नाव बंद असायची. जायचं तर मोटरीनेच. पण दर वर्षी पंचमीच्या तोंडावर मोटरीला काहीतरी व्हायचं आणि झोक्यावर गावच्या पोरी बसायच्या.

एका वर्षी मीच हट्टाला पेटलो. “तात्या, मोटर उत्तम आहे. चला, मी येतो बरोबर.”

मोटर अशी पळाली की मधल्या धारेचं पाणी दोन्हीकडे फाटत गेलं. मी खूश होतो. तात्यांचा हात मात्र पुन्हा पुन्हा मोटरीतून पडणाऱ्या पाण्याखाली जात होता.

लेकीने पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, चहा केला. सगळं अगदी रीतीने. सासूबाई म्हणाल्या, “न्या की, आमची काय ना न्हाय.” लेक उंबऱ्याशीच उभी होती.

“मावशीकडं जाते म्या पंचमीला,” ती म्हणाली. “हितंच, ह्या काठाला हाय ती. तिनंच वाढीवलं न्हवं मला? माझं म्हायेर तितं हाय. तुमी उगं एवढ्या पान्यातनं आला.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. बाप लढाईवर असताना ती मोठी झाली होती. बापाशी भांडण्याइतकीही तिची ओळख नव्हती.

“बराबर हाय,” तात्या म्हणाले. बांगड्या तिच्या हातात दिल्या आणि उठले.

आम्ही परतलो. अलीकडच्या काठावर बायका वाट पाहत होत्या.

“तात्या, लेक न्हाय आनली?”

“मोटर वढत न्हाय,” तात्या म्हणाले. “तिचं वझं पेललं नसतं धारंला.”

आणि तिथेच बसून त्यांनी प्लग काढायला घेतले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मोटरीचा ठणठणीत आवाज त्यांनीही ऐकला होता. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, “व्हय बया, दमल्यागत वाटली खरी.” मीही मान हलवली. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात तात्या गेले. ताप आला आणि उतरलाच नाही. नदी तेव्हा ओसरली होती, वल्ह्याची नाव सुरू होती. लेक नवऱ्यासोबत दिवसकार्याला आली. सगळं उरकल्यावर नवऱ्याने नावेवाल्याला हाक दिली. ती बापाच्या दारात थांबली होती.

“दादा,” तिने मला विचारलं, “मोटर लई जुनी हुती का वो? बाया म्हनत्यात, तात्या दर सालाला मला आनायला निगायचं आन् मोटर बिघडायची.”

“हो,” मी म्हणालो. “फार जुनी होती.”

ती नवऱ्याला म्हणाली, “तुमी व्हा म्होरं. आत्याबाईंना सांगा, म्या चार दिस म्हायेरी हाय.”

नवऱ्याने रिकाम्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो नावेत जाऊन बसला. ती पदर खोचून आत गेली आणि थोड्या वेळाने शेजारी माझ्याकडे चुलीसाठी विस्तव मागायला आली.