हत्तीची उलटी बाजू

सोलापुरातल्या आमच्या लहानशा कलासंग्रहालयाचा पहारेकरी पूर्वी मागावर कामाला होता. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. “हात लावू नका की,” एवढंच त्याचं बोलणं. त्यातून साहेबही सुटत नाहीत.

परवा एका अंध बाईंना त्यांची मुलगी विणलेल्या चित्रातल्या हत्तीचे रंग सांगत होती. त्यानं जरा वेळ ऐकलं आणि ते चित्र भिंतीवरून काढून उलटं धरलं.

“रंग ऱ्हाऊ द्या. मागनं दोरे बोटाला लागत्यात. आमी माल असाच तपासायचो.”

बाईंची बोटं सावकाश सरकली. “सोंड वर केलीय की त्यानं!” मुलीनं हे सांगितलंच नव्हतं.

मीही हात पुढे केला.

“तुमाला दिसतंय न्हवं?” तो म्हणाला. “मग हात मागं घ्या.”